पाण्याकडे पाठ

रविवार, १४ जानेवारी २००१. संक्रांत.
पहाटे थंडी व धुके, नंतर ऊन. आमोदने गाडीने तलावावर नेले. ह्यांना बांधावर बराच वेळ बसता आले. गणना झाली नाही. रंगनाथ तिळगूळ देऊन गेले. जेवणाच्या वेळेपर्यंत घरी. शेजारून गुळाच्या पोळ्या आल्या. ह्यांनी खाल्ल्या नाहीत.

त्या दिवसाबद्दल मंदाकिनीच्या वहीत जवळजवळ एवढंच आहे. तिच्या सगळ्याच वह्या अशा. ती कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली. तिथल्या एक म्हाताऱ्या सिस्टर मुलींना रोज संध्याकाळी चार ओळी लिहायला लावत. काय घडलं ते वहीत लिहायचं आणि काय वाटलं ते प्रार्थनेत देवाला सांगायचं, असा त्यांचा दंडक होता. मंदाकिनीच्या माहेरी आणि पुढे सासरीही देवापुढे हात जोडायची पद्धत होती, मन मोकळं करायची नव्हती. त्यामुळे दंडकातला पहिला भाग तिने जन्मभर पाळला आणि दुसरा राहून गेला.

तिचे यजमान श्यामराव शनिवार पेठेत वाढलेले. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ एकदा मारायची आणि ती खोडावी लागू नये अशी मारायची, हा त्यांचा बाणा नोकरीपुरता नव्हता. त्यांना सहसा काही पसंत पडत नसे. भाजी कशी झालीये असं विचारलं, तर ते जरा विचार करून "मीठ आहे" म्हणत. मुलगा आमोद बोर्डात आला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पूर्ण वाचली आणि भूगोलात काय झालं, एवढंच विचारलं. पण हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे हाच माणूस अंधारात शीळ घालत बूट चढवायचा. उजनी, वीर, खडकवासला, जिथे म्हणून पाणी अडवलेलं असेल तिथे तो एसटीने, स्कूटरने, एकदा तर उसाच्या ट्रकमधून जाऊन आला होता. नोकरीच्या बत्तीस वर्षांत साहेबाला एकदाही 'वा' म्हणाला नसेल, तो तलवार बदकाची लांब शेपटी पाहून म्हणायचा.

पौड रस्त्याने कोथरूड मागे टाकलं की डावीकडे एक लहान तलाव आहे. इंग्रजांच्या काळात घातलेला मातीचा बांध, पलीकडे शेतं, अलीकडे टेकडी. जानेवारीतल्या पाणपक्ष्यांच्या गणनेत हा तलाव श्यामरावांकडे असे. गणनेचा तक्ता इंग्रजीत यायचा आणि श्यामराव मराठी शाळेतले. पक्षी त्यांना पंखाच्या फडफडीवरून ओळखू येत, पण नावाचं स्पेलिंग लिहिताना घाम फुटे. पहिल्याच वर्षी त्यांचा तक्ता वाचून पक्षिमित्र मंडळाच्या कुणीतरी सर्वांदेखत हसून घेतलं. घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "पक्ष्यांचं मी बघतो. स्पेलिंगचं तू बघ."

तेव्हापासून ती जाऊ लागली. ते तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावत, जिभेने टाळूवर एक टक् असा आवाज करत आणि म्हणत, "लिही." मग नाव. मग आकडा. ते थापट्या म्हणाले की ती शॉव्हेलर लिही. भुवई बदक म्हणाले की गार्गनी. तिच्या फाउंटन पेनची कागदावर खरखर होई. ती थांबली की लिहून झालं असं त्यांना समजे, आणि मग ते पुढच्या पक्ष्याकडे वळत. डोळा दुर्बिणीवरून काढायचा नाही, नाहीतर मोजलेला थवा पुन्हा मोजला जातो. बांधावर पाण्यावरून वारा येई, कागद फडफडत. म्हणून ती घडीच्या स्टुलावर पाण्याकडे पाठ करून बसे, गुडघ्यावर पाट, पाटावर तक्ता. पहिल्या वर्षी वारा होता म्हणून तशी बसली, पुढे तीच तिची जागा झाली.

अशी तीस वर्षं गेली. थापट्या म्हणजे शॉव्हेलर, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण थापट्या समोरून चालत आला असता, तर तिने त्याला ओळख न दाखवता वाट दिली असती. तिने पाहिली ती टेकडी. आधी तिच्यावर गुरं असत. मग पायथ्याशी दगडाची खाण निघाली. मग प्लॉटचे खांब रोवले गेले, मग हमरस्ता आला, आणि अलीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीची निळ्या काचांची इमारत उभी राहिली. सकाळच्या उन्हात ती इतकी चमके की तिला तक्त्यावर हाताची सावली धरावी लागे. मागे तलावात काय चाललंय ते तिला नवऱ्याच्या आवाजावरून कळे. आकडा मोठा असला की आवाज खाली यायचा, जणू मोठ्याने बोललं तर पक्षी उडून जातील. दुर्मीळ काही दिसलं तर "लिही" म्हणायलाच ते विसरत.

मोजणी संपली की श्यामराव डावा हात पुढे करत. ती तक्ता देई. ते एकेक ओळ वाचत आणि खाली सही करत. अंदाजाने लिहिलेलं त्यांना खपत नसे. दिसलं तेवढं लिहायचं, दिसलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही आणि भरायचा म्हणून भरायचा नाही. एका वर्षी गणनेच्या दिवशी धुकं हटलंच नाही. तेव्हा मंडळाचे रंगनाथ त्यांना म्हणाले होते, श्याम, अरे, काल तू पाहिलेस ना, तेच आकडे टाक. त्यावर श्यामराव दोन महिने रंगनाथांशी बोलले नव्हते. आणि रंगनाथ त्यांचे शाळेपासूनचे मित्र.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि ड्राफ्ट्समन स्वेच्छेने निवृत्त झाले, म्हणजे त्यांना स्वेच्छा व्हावी अशी व्यवस्था झाली. श्यामरावांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. हिवाळ्यात आता रविवारची वाट बघायला नको, असं ते म्हणाले. आमोद तोवर सॉफ्टवेअरमध्ये गेला होता. बापाला बत्तीस वर्षांत मिळाला नाही एवढा पगार त्याला तिसऱ्या वर्षी मिळू लागला. बापाने यावर 'टॅक्स कापतात ना?' असं विचारून घेतलं.

गेल्या जुलैत, सकाळी दाढी करता करता, श्यामरावांच्या हातातून ब्रश पडला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढावा लागत होता आणि बोलणं गेलं होतं. नुसते दोन शब्द उरले होते: "बरं का." भूक लागली तरी बरं का, नको असलं तरी बरं का, रागानेही बरं का. डोळ्यांत मात्र सगळं होतं. काय म्हणायचंय ते आत तयार आहे आणि दाराशी येऊन अडतंय, हे समोरच्याला दिसे. आमोद एकदा आईला हसवायला म्हणाला, "बघ ना आई, बाबा आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्याला बरं म्हणतायत." ती हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली.

सप्टेंबरात गणपती बसले. सोसायटीच्या आरतीला तिने त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. टाळ सुरू झाले, आणि दुसऱ्या कडव्याला तिच्या शेजारून आवाज आला. श्यामराव म्हणत होते. सगळे शब्द, एकही न गाळता, घोगऱ्या पण स्पष्ट आवाजात. ती स्वतः म्हणायची थांबली. आरती संपली, कापूर फिरला. तिने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "अहो, पाणी हवंय?" त्यांनी तोंड उघडलं, आणि आलं ते बरं का.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या, असं होतं. पाठ असलेलं, वर्षानुवर्षं एकाच चालीत म्हटलेलं कधी कधी वेगळ्या वाटेने बाहेर येतं. फार आशा धरू नका. मंदाकिनीने मान डोलावली आणि आशा धरली. वर्षानुवर्षं एकाच चालीत म्हटलेलं आणखी काय आहे, ते तिला ठाऊक होतं. ज्या जागी म्हटलं ती जागा, ती दुर्बीण, तिची पाठ, पेनचा आवाज. सगळं तसंच मांडलं, तर शब्द आपल्या सवयीने चालत येतील. तिने हे कुणाला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही, कारण ते घडलेलं नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी रंगनाथांचा फोन आला. आडून आडून बोलत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, यंदा तलाव दुसऱ्या कुणाला देऊ का? दोन आयटीवाली मुलं आहेत. हे लोक मोजत नाहीत म्हणा, फोटो काढतात. मग घरी जाऊन फोटोतले मोजतात. फोटोतलाच पगार घेतात की काय, विचारलं पाहिजे." मंदाकिनीने शांतपणे सांगितलं की तलाव ह्यांचाच आहे आणि आम्ही येणार आहोत. मग रंगनाथ म्हणाले, बरं, अकराच्या सुमारास तक्ता घ्यायला येतो.

आमोदला तिने नुसतं ऊन खायला जायचंय असं सांगितलं. त्याने दुर्बीण, स्टूल आणि पाट गाडीत ठेवलेला पाहिला आणि शेजारी वेताची खुर्चीही नेऊन ठेवली. बापाला बांधावर चढवताना त्याला जड गेलं. धुकं एवढं होतं की पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. घरून आणलेल्या वेताच्या खुर्चीत श्यामरावांना बसवून, दुर्बीण त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणून, त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकून आमोद म्हणाला, "आई, मला ऑफिसचा कॉल आहे. मी खाली गाडीपाशी आहे. हाक मार." संक्रांत असून, रविवार असून कॉल. पण तिला तेव्हा तो खालीच असलेला बरा वाटला.

ती त्यांच्या डाव्या बाजूला खेटून स्टुलावर बसली, पाण्याकडे पाठ करून. पाट मांडला, तक्ता चिमट्यात लावला, पेनचं टोपण काढलं. समोर टेकडी, तिच्यापुढे धुक्यात अर्धी बुडलेली काचेची इमारत. तिने वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तीस वर्षांत ती कधी वळली नव्हती, आजच वळली तर चाल मोडेल.

हळूहळू ऊन आलं. तिने बसल्या जागेवरून हात मागे नेऊन चाचपडत त्यांच्या स्वेटरची वरची बटणं सोडली. श्यामराव दुर्बिणीला डोळा लावून होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. लक्ष लागलं की ते तोंडाने श्वास घेत. तिने वाट पाहिली. मग शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे पहिलं अक्षर देऊन पाहिलं. "था..." ती म्हणाली. मागून काही नाही. तिने सगळी नावं त्यांच्याच क्रमाने, आरतीसारखी, हलक्या आवाजात म्हणून पाहिली. थापट्या, तलवार बदक, भुवई, चक्रवाक, शेंडी बदक, हळदी-कुंकू, चांदवा. मागून चिडका आवाज आला, "बरं का." म्हणजे, गप्प बस.

ती गप्प बसली. इमारतीच्या काचा एकेक करून पेटू लागल्या.

आणि मग टाळूवर जिभेचा टक् आवाज झाला.

"लिही."

स्पष्ट. तोच आवाज, तोच हेल. सहा महिन्यांत ती आरती आणि बरं का सोडून दुसरा शब्द नाही, आणि हा आला होता. तिने पेन कागदाला टेकवलं. आता नाव येईल. तिला वाटलं, आपण श्वाससुद्धा घेऊ नये.

नाव आलं नाही.

"लिही," ते पुन्हा म्हणाले. जरा थांबले. ते कशासाठी थांबलेत ते तिला समजलं. ते पेनची खरखर ऐकत होते. ती आली नाही, तर पुढे जायचं कसं? तीस वर्षांची चाल होती ती. तिच्या बाजूने एक पाऊल पडायला हवं होतं, ते पडत नव्हतं. "लिही. लिही, बरं का." आता आवाजात पुन्हा तो अडलेला सूर येऊ लागला होता. तो शब्द परत आत जाईल, या भीतीने ती गारठली.

गेल्या वर्षीचा तक्ता तिला पाठ होता. तिने पहिल्या ओळीत शॉव्हेलर लिहिलं आणि पुढे तीनशे चाळीस. पेन खरखरलं, थांबलं.

मागे दुर्बीण थोडी सरकल्याचा आवाज आला. टक्. "लिही."

तिने तलवार बदकाची दुसरी ओळ लिहिली. पिनटेल, साठ.

"लिही."

मग ते चालूच राहिलं. ते म्हणत, ती लिही, पेन थांबे, ते म्हणत. नावं येत नव्हती, आकडे येत नव्हते, पण चाल बसली होती. उन्हाने तिच्या पाठीला ऊब येत होती. मागे तिचा नवरा आपलं काम करत होता. प्रत्येक ओळीगणिक त्यांचा आवाज मोठा होत गेला. शेवटी शेवटी तर ते ओरडल्यासारखे म्हणू लागले, "लिही! लिही!" आणि तिला वाटलं, हा आनंद आहे. एवढे दिवस कोंडलेलं सुटतंय. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तक्त्यावर पडू नये म्हणून ती मान बाजूला करून लिहीत होती. जुलैपासून तिला एवढं सुख झालं नव्हतं. सगळ्यात खालची, चांदव्याची म्हणजे कूटची ओळ लिहून झाली, आणि मागे शांत झालं.

मग तिच्या खांद्यावरून डावा हात पुढे आला. उघडा, तळवा वर.

तक्ता वाचायला मागतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती म्हणाली, "घरी बघा हो. आता चहा घ्या." हात तसाच राहिला. त्यांचं वाचणंही गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्तमानपत्र ते नुसतं समोर धरून बसत. तिने त्यावर भरवसा ठेवला आणि तक्ता दिला.

अक्षरं गेली असतील. आकडे गेले नव्हते.

ती आता वळली होती. श्यामरावांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीवर ठेवलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला सोसलं असतं, त्यांचा राग तिच्या ओळखीचा होता. ते पाहत होते ते, परक्या गावात चुकीच्या घराचं दार वाजवल्यावर उघडणाऱ्याकडे पाहावं तसं. त्यांनी डाव्या हाताने तिचा दंड धरला. त्या हातात बरीच ताकद होती. तिला ओढून त्यांनी दुर्बिणीशी आणलं.

तिने डोळा लावला.

हिरवं होतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, तिची जांभळी फुलं वर आलेली. मध्ये एका ठिकाणी पाण्याचा अरुंद पट्टा होता. त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी फुगून तरंगत होती. तिने दुर्बीण एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला. बदक कसं असतं ते तिला नीट माहीत नव्हतं, पण इथे एकही नाही हे कळायला माहिती लागत नव्हती. गेल्या हिवाळ्यानंतर एका पावसाळ्यात तलाव गेला होता. श्यामराव तेव्हा आधी दवाखान्यात आणि मग घरात अडकलेले होते, आणि त्यांना तो गेल्याचं आज, ह्या खुर्चीत, एकेक पक्षी शोधत शोधत समजत गेलं होतं. प्रत्येक ओळीला ते तिला तेच एक लिहायला सांगत होते. थापट्या शून्य. तलवार बदक शून्य. आवाज चढत गेला तो त्यामुळे. आणि पाठमोरी बसून ती तीनशे चाळीस लिहीत होती.

ती म्हणाली, "अहो, माझं चुकलं. मला वाटलं..." काय वाटलं ते सांगायची तिला सवय नव्हती. वाक्य तिथेच राहिलं.

श्यामरावांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. पाट मांडीवर ओढला. ज्या हाताने त्यांनी कधी लिहिलं नव्हतं त्या हाताने, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, तक्त्यावर एक रेघ मारली. आयुष्यभर सरळ रेघा मारलेल्या माणसाची ती रेघ शेवईसारखी वाकडी गेली. मग पहिल्या ओळीपुढे त्यांनी शून्य काढायचा प्रयत्न केला. ते रकान्याबाहेर गेलं आणि मिटलं नाही. दुसरं काढायच्या आधी त्यांचा हात थांबला.

तिने पेनासाठी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही. टोपण न लावता शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि पाण्याकडे पाहत बसले.

रंगनाथ स्कूटर खाली लावून वर आले. दमले होते. त्यांनी तलाव पाहिला, तक्ता पाहिला, तिचा चेहरा पाहिला. काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. रंगनाथांनी तक्त्याची घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, ह्याचं मी बघतो, ती मुलं पुढच्या रविवारी येऊन शून्याचे फोटो काढतील. ती हसली नाही, तेव्हा तेही गंभीर झाले. मित्राच्या खुर्चीशी उकिडवे बसले. पिशवीतून डबी काढली, त्यांच्या डाव्या तळव्यावर तिळाची वडी ठेवली आणि जन्माच्या सवयीने म्हणाले, "तिळगूळ घे, गोड बोल."

बोलून गेल्यावर त्यांनी डोळे मिटले.

श्यामरावांनी मूठ बंद केली. बरं कासुद्धा म्हणाले नाहीत.

उतरताना आमोदने एका बाजूने धरलं, रंगनाथांनी दुसऱ्या. मंदाकिनी मागून खुर्ची घेऊन येत होती. गाडीत आमोदने आईला विचारलं, बाबा काही बोलले का? ती म्हणाली, "हो. लिही म्हणाले." आमोदने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून बापाचा गुडघा धरून म्हणाला, "बाबा, खरंच? परत म्हणा ना. एकदा म्हणा." श्यामराव खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर निळ्या काचांची इमारत जात होती.

तो शब्द पुन्हा आला नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तलावावर झालं त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, असे शब्द येतात आणि जातात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमोदही तेच म्हणाला. तिलाही बुद्धीने ते पटलं. श्यामराव पुढच्या पावसाळ्यापर्यंत होते. ती भरवी ते खात, ती हात धरी तिथे चालत. आमोदला बरं का म्हणत, रंगनाथांना म्हणत, दूधवाल्यालाही म्हणत. तिला म्हणाले नाहीत. कदाचित तिच्याशी बोलायला त्यांना शब्दांची गरज वाटत नसेल, असं रंगनाथ एकदा म्हणाले. रंगनाथ चांगले गृहस्थ होते.

संक्रांतीच्या त्या संध्याकाळी श्यामराव गॅलरीत बसले होते. खालून मुलं तिळगूळ वाटत फिरत होती, दाराची बेल दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा आमोद उठला. मंदाकिनी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसली. पेन शोधलं, मग आठवलं. आमोदच्या कंपनीचं नाव छापलेलं एक बॉलपेन फ्रिजवर पडलं होतं, ते घेतलं. पोळ्यांपर्यंतचं लिहून झालं. शब्द परत आला होता आणि गेला, हे घडलं होतं. घडलं ते लिहायचं. बॉलपेन कागदावर टेकवून ती बराच वेळ बसली. त्याचा आवाज होत नव्हता. मग तिने शेवटची ओळ लिहिली आणि वही मिटली.

ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला शाई लागली. लिंबू-मीठ लावून भिजत टाकला आहे.